हुरहूर लावणारी गाणी तुम्हाला कुठे सापडतात?

सांजवेळ · मंगळवार, रात्री ११:५२

मागच्या आठवड्यातली गोष्ट. हिंजवडीहून निघायलाच साडेदहा झाले. चांदणी चौकातून पौड रोडला लागले आणि पावसाची सर आली. गाडीत अ‍ॅपने आपणहून लावलेलं एक गाणं चालू होतं. एक गिटार, एक मुलगा, माइकला अगदी तोंड लावून कुजबुजल्यासारखा आवाज. छान वाटत होतं. घरी पोचले, आमटी गरम करताना गुणगुणायला गेले तर चाल आठवेना. नाव तर वाचलंच नव्हतं. गेल्या दोन वर्षांत अशी किती गाणी कानावरून गेली असतील, आणि त्यातलं एकही माझं झालेलं नाही.

अ‍ॅपमध्ये 'सॅड' आहे, 'चिल' आहे, 'रेनी डे' आहे. मला जे हवंय त्याला आपल्याकडे हुरहूर म्हणतात. दुःख असलं की कशाचं ते सांगता येतं. हुरहूर कशाची ते सांगता येत नाही. दिवेलागणीला गॅलरीत उभं राहिलं की पोटात काहीतरी हलतं ना, तसं.

२०११ साली मी हॉस्टेलला होते. रूममेट भोपाळची. कर्वे पुतळ्यापाशी बसमध्ये चढलो, खिडकी मिळाली, आणि तिने काही न विचारता एक इअरफोन माझ्या कानात घातला. इंडियन ओशनचं 'कंदिसा'. एक शब्द कळला नाही. ती केरळातल्या सीरियन ख्रिश्चनांची जुनी प्रार्थना आहे हे तिने नंतर सांगितलं. डेक्कनला उतरायचं होतं, आम्ही उतरलोच नाही, पार मनपापर्यंत गेलो. त्या बँडमधले असीम चक्रवर्ती २००९च्या डिसेंबरात गेले होते, तेही मला मागाहून कळलं. अजूनही ते गाणं लागलं की बसच्या खिडकीच्या ओल्या रबराचा वास येतो.

तर विचारायचं हे: सिनेमाबाहेरचं, स्वतःच्या बळावर गाणी करणाऱ्या लोकांचं, म्हणजे ज्याला 'इंडी' (इंडिपेंडंट) म्हणतात तसं एखादं गाणं तुम्हाला असं कधी लागलं? कोणी दिलं? ऐकताना कुठे होतात? नुसत्या लिंका टाकू नका, प्लीज. लिंका माझ्याकडे ढीगभर आहेत.

टेकडीवाला · बुधवार, सकाळी ७:१०

वाचनखूण साठवली. रात्री निवांत लिहितो.

रविवारसकाळ · बुधवार, सकाळी ९:३४

प्रतीक कुहाड. 'कोल्ड/मेस' २०१८चं. २०१९च्या शेवटी ओबामांच्या आवडत्या गाण्यांच्या यादीत आलं आणि मग सगळ्या जगाला सापडलं. मला त्याआधीच धाकट्या बहिणीने दिलं होतं. माझं लग्न मोडलं त्या आठवड्यात ती रोज जेवणाचं ताट खोलीत आणून ठेवायची आणि काही बोलायची नाही. एका रात्री ताटाखाली तिचा फोन होता, गाणं लावून ठेवलेला.

अजून ऐकतो. पण गाडीत नाही.

जरीपटका · बुधवार, सकाळी १०:०२

धागा चांगला आहे, पण एक विचारू का? हे 'इंडी' म्हणजे नक्की काय? गिटार, इंग्रजी शाळेतले उच्चार, कोरेगाव पार्कातला कॅफे आणि तीनशे रुपयांची कॉफी, एवढंच मला दिसतं. आमच्या गावाकडे जागरणात गाणारा गोंधळी कुठल्या कंपनीच्या पगारावर आहे? त्याला कोणी इंडी म्हणत नाही. मला हा शब्दच खटकतो.

कॅसेटवेडा · बुधवार, दुपारी १:१५

@जरीपटका, खटकतो तर त्याचं मूळ बघू. हा शब्द मुळात गाण्याच्या चवीचा नाहीच, पैशाचा आहे. मँचेस्टरजवळच्या बझकॉक्स नावाच्या पोरांनी घरच्यांकडून नि मित्रांकडून पाचशे पौंड उसने घेतले, चार गाण्यांची तबकडी स्वतःच छापली, जानेवारी १९७७मध्ये स्वतःच बाजारात आणली. हजार प्रती काढल्या होत्या, त्या बघता बघता संपल्या. कंपनीच्या दारात उभं न राहता रेकॉर्ड निघते हे बाकीच्यांना तेव्हा दिसलं. पुढे १९८०च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये 'इंडी'ची वेगळी विक्रीयादी सुरू झाली. तिथे गाणं कसं वाजतं याला महत्त्व नव्हतं. बड्या कंपन्यांच्या वितरणाबाहेर विकलं गेलं पाहिजे, एवढीच अट. त्या हिशेबाने तुमचा गोंधळी इंडीच, आणि तुमच्या कॅफेतला एखादा मोठ्या कंपनीशी करार केलेला मुलगा नाही.

आता धागाकर्तीच्या प्रश्नाकडे. नव्वदच्या दशकात मी गरवारेला होतो. आपल्या देशात बँड आहेत आणि ते स्वतःची गाणी लिहितात हे मला 'रॉक स्ट्रीट जर्नल'मुळे कळलं. १९९३मध्ये अलाहाबादहून निघालेलं मासिक. अलाहाबाद! मुंबई नाही, दिल्ली नाही. एक अंक आमच्या अख्ख्या वर्गात फिरायचा, परत येईपर्यंत मधली पिन निघालेली असायची.

कॅसेटींसाठी कर्वे रोडला अलूरकर म्युझिक हाउस. तिथली ख्याती शास्त्रीय संगीताची, मी जायचो भलत्याच शोधात. पण काउंटरपाशी उभं राहिलं की शेजारचं गिऱ्हाईक काय मागतंय ते कानावर पडायचं. मारवा रागाशी माझी ओळख अशी झाली. एक आजोबा मागत होते, दुकानात लावून दाखवला, मी बाहेर पायरीवर बसून राहिलो. संध्याकाळ होती. सांजवेळ, तुझी हुरहूर म्हणतेस ती तीच. षड्ज, म्हणजे 'सा', येईल येईल वाटतं आणि मारवा तो लांबवत राहतो.

आणि इंडीतलं हवं असेल तर निक ड्रेक. इंग्लंडचा. शेवटचा अल्बम त्याने ऑक्टोबर १९७१मध्ये दोन रात्रींत ध्वनिमुद्रित केला. आवाज, गिटार आणि एका ठिकाणी थोडासा पियानो. अठ्ठावीस मिनिटांत संपतो. हयातीत फारसा खपला नाही. १९७४मध्ये सव्विसाव्या वर्षी गेला. सन २०००च्या सुमारास एका मोटारीच्या जाहिरातीत त्याचं गाणं वाजलं आणि लोक दुकानांत जाऊन त्याला मागायला लागले. मला तो एका सीनियरने नव्वद मिनिटांच्या कॅसेटच्या उरलेल्या जागेत भरून दिला होता. 'ए' बाजू त्याला हव्या त्या बँडची, 'बी' बाजूला जागा उरली म्हणून हा. शेवटचं गाणं अर्ध्यात तुटायचं. पुढे सीडीवर ते पूर्ण ऐकलं तेव्हा मला चुकल्यासारखं झालं.

अप्पा_सदाशिव · बुधवार, दुपारी ३:४०

कॅसेटवेडा यांचा प्रतिसाद आवडला. मारव्याचं फार नेमकं लिहिलंत.

माझं वय बहात्तर. इंडी की काय म्हणता, ते पुण्याला नवीन नाही हे नोंदवण्यासाठी लिहितो. गजाननराव वाटवे गणेशोत्सवात चौकाचौकात भावगीतं गायचे आणि लोक रस्त्यावर बसून ऐकायचे, असं वडील सांगत. सिनेमा नाही, नाटक नाही. एक कविता, एक चाल, एक माणूस. पुढे १ एप्रिल १९५५पासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, छप्पन्न गाणी, वर्षभर. ज्यांच्याकडे रेडिओ त्यांच्या दारात वाडा जमायचा. अगदी अलीकडचं म्हणाल तर संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांनी २००३पासून जे केलं ते काय होतं? स्वतःच्या कविता, स्वतःच्या चाली, दोन खुर्च्या, एक पेटी. माझी सून त्यावरच मराठी कविता वाचायला लागली.

जरीपटका · बुधवार, दुपारी ३:५८

अप्पा, आदर ठेवून म्हणतो, आकाशवाणी सरकारी. कॅसेटवेडांच्या व्याख्येत गीतरामायण बसत नाही. वाटवे बसतात.

अप्पा_सदाशिव · बुधवार, दुपारी ४:१०

मान्य. वाटवे ठेवा.

सांजवेळ · बुधवार, संध्याकाळी ६:०५

अप्पा, आमच्या घरी गीतरामायणाच्या कॅसेटी होत्या, त्यामुळे मला तुमचं दुसरं म्हणणंही पटतंय. :) पण तुम्ही प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही. तुम्हाला लागलेलं गाणं कुठलं? कुठे होतात?

निळीशाई · बुधवार, रात्री ९:४८

मी सांगते.

कर्वेनगरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोमोची गाडी लागते. संध्याकाळी सात ते अकरा. गाडीवरचा मुलगा वीस-एकवीसचा असेल. तीन वर्षं मी त्याच्याकडून आठ पीसची प्लेट घेत होते आणि आमचं बोलणं म्हणजे 'स्टीम की फ्राय'. तेवढंच.

तेव्हा मी बिपुल छेत्रीच्या नादात होते. कालिम्पोंगचा गायक, नेपाळीत गातो, २०१४चा त्याचा पहिला अल्बम. गिटारची एकेक तार बोटांनी वेगळी छेडत वाजवतो, त्यावर मऊ आवाज. मला हा माणूस ऑफिसातल्या एका दार्जिलिंगच्या मुलीने दिला होता, ती नोकरी सोडून गेली त्या दिवशी. डब्याच्या पिशवीत चहाची पुडी आणि चिठ्ठीवर नुसतं नाव. नेपाळी येत नसल्याने मी स्वतःच्या मनाने अर्थ लावून ऐकायचे.

एकदा पाऊस होता, गाडीच्या ताडपत्रीखाली मी एकटीच. इअरफोनची पिन फोनमधून निघाली आणि गाणं मोठ्याने वाजायला लागलं. बंद करायला गेले तर तो म्हणाला, "दीदी, रहने दो." चिमट्यात मोमो तसाच धरलेला. भांड्यातली वाफ त्याच्या तोंडावर येत होती, तो बाजूला झाला नाही. गाणं संपेपर्यंत उभा. मग म्हणाला, त्याचं घर डाँड्यावर आहे. मी विचारलं डाँडा म्हणजे? त्याने हात आडवा धरला, मग बोटं खाली उतरवत नेली. डोंगराची लांब धार. मी ट्रेकला जाते, आपण त्याला दांडच म्हणतो! "या दांडाने चढायचं," असं राजगडच्या वाटेवर गावातल्या मामांनी मला सांगितलेलं आहे. मी त्याला तसं सांगितलं तर तो इतका हसला, त्याने प्लेटमध्ये दोन मोमो जास्त घातले.

आता तो मला गाणी देतो. व्हॉट्सअ‍ॅपवर, रात्री दुकान आवरल्यावर. कधी कधी आवडतं, कधी कधी नाही. पण ज्या गाण्याला त्याने चिमटा खाली ठेवला नव्हता, ते मी आता दुसऱ्या कशासाठी ऐकूच शकत नाही. दुसऱ्याच्या घराची हुरहूर मला लागलीय.

रविवारसकाळ · बुधवार, रात्री ९:५५

निळीशाई, प्रतिसाद दोनदा वाचला. गाडी नक्की कुठे आहे?

निळीशाई · बुधवार, रात्री ९:५७

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. चटणी जपून घ्या.

टेकडीवाला · बुधवार, रात्री १०:३०

सकाळी कबूल केल्याप्रमाणे.

मी रोज साडेपाचला वेताळ टेकडी चढतो. एकच इअरफोन लावतो, दुसरा कान मोकळा. मोर ओरडतात, ते ऐकायचे असतात. बरीच वर्षं मी शब्दांसाठी गाणी ऐकायचो. आई गेल्यावर शब्द नकोसे झाले. कुठल्याही गाण्यात 'आई' येत नसली तरी मला ती ऐकू यायची. तेव्हा एका मित्राने 'अ‍ॅजवीकीपसर्चिंग' ऐकायला सांगितलं. मूळ अहमदाबादचा बँड, पोस्ट-रॉक. गिटारी हळूहळू एकावर एक चढत जातात, आवाज असलाच तर दूरवरून आल्यासारखा. २०१७चा त्यांचा 'झिया' अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा खाणीच्या कडेला बसलो होतो. सूर्य वर येत होता आणि ड्रम नेमके तेव्हाच आले. योगायोगच, पण मी मोठ्याने रडलो. शेजारून जाणाऱ्या काकांनी काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

त्यावरून मागे मागे जात आइसलँडच्या सिगुर रोसपर्यंत पोचलो. २००२चा त्यांचा एक अख्खा अल्बम कुठल्याच भाषेत नाही. नुसत्या तोंडातून येणाऱ्या ध्वनींचा. अल्बमला नावही नाही, फक्त कंसाची दोन चिन्हं. सांजवेळ, शब्दांनी हुरहूर बोट दाखवण्याइतकी स्पष्ट होते. तुला ती तशीच धूसर हवी असेल तर इकडे ये.

अप्पा_सदाशिव · गुरुवार, सकाळी ६:२०

टेकडीवाला, आपल्याकडे याला तराणा म्हणतात! दिर दिर तोम, तन नादिर. अमीर खाँसाहेबांचं म्हणणं होतं की त्या बोलांना फारसी अर्थ आहेत, ते बहुतेक सगळे विसरले. अर्थ आहे हे कळल्यावरही माझ्या ऐकण्यात काही फरक पडला नाही.

तुमचा आइसलँडचा अल्बम नातवाकडून लावून घेतला. पहिली पंधरा मिनिटं ऐकली. चाल पुढे का जात नाही म्हणून चिडलो होतो. मग लक्षात आलं, हे विलंबितासारखं ऐकायचं आहे.

गंधार_नाही · गुरुवार, सकाळी ११:१२

पुण्यात वाढलेल्या बँडांचं कोणीच लिहिलं नाही म्हणून थोडं. इझी वाँडरलिंग्ज ऐका, इंग्रजी आहे, पण ऊन खाली उतरल्यासारखी गाणी, बासरी आणि व्हायोलिन. अग्नी हा बँडही इथलाच, कबीर रॉकमध्ये पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकला. आणि मोहम्मद मुनीम यांचा 'अलिफ', काश्मिरी आणि उर्दू. तो बँड जमला पुण्यात. घर सोडून आलेल्या माणसाने परक्या गावात बसून आपल्या भाषेत गायलेलं, म्हणजे तुझ्या धाग्यासाठीच बनल्यासारखं.

ब्रिजखालचा_बेस · गुरुवार, दुपारी २:२६

मी बँडमध्ये बेस वाजवतो. नाव सांगत नाही, जाहिरात होईल. पण आमच्या बाजूने गाणं तुमच्यापर्यंत कसं येतं ते लिहितो, कारण 'अ‍ॅपने आपणहून लावलं' हे वाक्य वाचल्यापासून डोक्यात फिरतंय.

आमची प्रॅक्टिसची खोली वडगाव बुद्रुकला, बेसमेंटमध्ये. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावलेत. त्याने बाहेर जाणारा आवाज अडत नाही, खोलीतला थोडा कमी घुमतो, इतकंच. वरच्या मजल्यावरच्या आजी सव्वानऊला वरवंटा आपटतात, की आम्ही थांबतो. एका गाण्याला सहा महिने लागले. चौघांच्या नोकऱ्या, शनिवार सोडला तर वेळ नाही.

गाणं अ‍ॅपवर टाकलं. २०२४पासून स्पॉटिफायचा नियम असा, की मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं किमान हजार वेळा ऐकलं गेलं नसेल तर त्याचा मोबदला मोजलाच जात नाही. आमची पाचपैकी तीन गाणी हजाराच्या खाली आहेत. म्हणजे ती तिथे आहेत, कोणीतरी ऐकतंय, आमच्या हिशेबात शून्य. बँडकॅम्पवर वेगळं आहे. तिथे तुम्ही अल्बम विकत घेता, डिजिटल विक्रीतले पंधरा टक्के ते ठेवतात, पेमेंटचा खर्च जातो, बाकी बँडचे. मार्च २०२०मध्ये कोविडच्या सुरुवातीला त्यांनी एका शुक्रवारी आपला वाटा सोडून दिला आणि मग असे बरेच शुक्रवार केले. तसल्या एका शुक्रवारी सांगलीहून कोणीतरी आमचा अल्बम घेतला. सांगलीत आम्ही कोणालाच ओळखत नाही. ड्रमरने त्या पावतीचा स्क्रीनशॉट प्रिंट करून खोलीत चिकटवलाय.

तेव्हा हात जोडून एवढंच: चाल आवडली तर सिग्नलला थांबल्यावर नाव वाचा. आणि ते एका माणसाला सांगा. दहा नको, एक. निळीशाईंच्या मोमोवाल्यासारखा एक.

सांजवेळ · गुरुवार, दुपारी २:४१

बेस, त्या रात्रीच्या मुलाचं नाव मी अ‍ॅपच्या इतिहासात जाऊन आत्ता शोधून काढलं. सापडला. कोल्हापूरचा आहे. अल्बम विकत घेतला.

ब्रिजखालचा_बेस · गुरुवार, दुपारी २:४४

आजचा दिवस झाला माझा.

जरीपटका · गुरुवार, संध्याकाळी ७:१९

बेस यांचा प्रतिसाद वाचून माझं कॅफेबद्दलचं वाक्य मागे घेतो. वडगाव बुद्रुकच्या बेसमेंटबद्दल मला काही माहीत नव्हतं. पण दुसरा मुद्दा सोडणार नाही. मल्याळममध्ये आहे, बंगालीत आहे, नेपाळीत आहे, काश्मिरीत तर पुण्यात बसून आहे. मराठी कुठे आहे? २०१०मध्ये एनएच-७ वीकेंडर हा संगीत महोत्सव पुण्यातूनच सुरू झाला, मी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गेलो होतो. गर्दीत चहूकडून मराठी ऐकू येत होतं, पण मी होतो त्या स्टेजवर दिवसभरात एक मराठी ओळ नाही. शेजारी उभ्या मुलाने ओरडून 'मराठी म्हणा की' म्हटलं आणि सगळे हसले. मला हसू आलं नाही.

वऱ्हाडी_ठेचा · गुरुवार, रात्री ८:३३

भाऊ, तुम्ही चुकीच्या स्टेजसमोर उभे होते. गिटार सोडा. रॅपमधे या. अमरावतीचा '१०० आरबीएच' ऐका, आमच्या वऱ्हाडीत. माह्या बापाला रॅप म्हणजे काय ते माहीत नाही, त्याची ओळ ऐकून बाप म्हणे "हा आपल्याकडचा हाय." मुंबईच्या 'स्वदेशी'चं २०१९चं वारली गाणं ऐका, आरेच्या जंगलासाठी केलेलं, आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर त्याच्यात आहेत. आणि २०२४मधे क्रेटेक्स आन श्रेयसच्या 'तांबडी चामडी'वर परदेशातले लोकं नाचले, शब्द न समजता. सांजवेळताईने 'कंदिसा' ऐकलं तसंच ना ते?

हुरहूर म्हणाल तर रॅपमधे हुरहूर नसते, आग असते. पण आग इझल्यावर जे राहते, ते तुमचंच.

मधली_सुट्टी · गुरुवार, रात्री ११:०५

जरीपटका, मराठी होतं. आहे. हरवतं, एवढंच. हे लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

फिरोदिया करंडक माहीत असलेल्यांना नव्याने सांगायला नको. इतरांसाठी: पुण्यातल्या कॉलेजांची स्पर्धा, नाटकाच्या पोटात गाणं, नाच, चित्र, शिल्प, जे जमेल ते सगळं. त्यासाठी दर वर्षी पोरं नवी गाणी लिहितात, चाली लावतात, स्टेजवर लाइव्ह वाजवतात. स्पर्धा संपते आणि गाणं संपतं. इतक्या वर्षांत अशी किती मराठी गाणी या गावात जन्मून एका रात्रीत गेली असतील, याचा मी कधीकधी विचार करत बसते.

आमच्या वर्षी एक गाणं होतं. गिरणी बंद पडलेल्या गावात रात्रपाळीचा भोंगा अजून ऐकू येतो असं वाटणाऱ्या म्हाताऱ्याचं. चाल लावणारा आमच्यातला सगळ्यात गप्प मुलगा. आम्हाला नंबर मिळाला नाही. तालमीत कोणीतरी फोनवर रेकॉर्ड केलं होतं, ते ब्लूटूथने एकमेकांना दिलं. तीस-पस्तीस फोनांत असेल. मग फोन बदलले, बिघडले, चोरीला गेले. लॉकडाउनमध्ये ग्रुपवर विचारलं, कोणाकडेच नव्हतं. शेवटी माझ्या जुन्या फोनचं मेमरी कार्ड आईच्या शिवणाच्या डब्यात सापडलं, बटणांमध्ये. त्यात ती फाइल. दोन मिनिटं चाळीस सेकंद. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, मागे पंखा, मध्येच कोणीतरी खोकतं, आणि शेवटी आमचा दिग्दर्शक म्हणतो, "परत एकदा घ्या."

माझ्या माहितीत त्या गाण्याची ही एकच प्रत आहे.

टेकडीवाला · गुरुवार, रात्री ११:११

कृपा करून आत्ताच्या आत्ता तिची दुसरी प्रत करून ठेवा. मग पुढचं बोला.

मधली_सुट्टी · गुरुवार, रात्री ११:२०

केली आहे. तीन ठिकाणी.

गंधार_नाही · शुक्रवार, सकाळी ८:४५

ऐकवाल का?

मधली_सुट्टी · शुक्रवार, सकाळी ९:३०

गाणं त्याचं आहे. तो आता नाशिकला बँकेत असतो, गात नाही. त्याला विचारल्याशिवाय इथे टाकणार नाही. विचारते.

अप्पा_सदाशिव · शुक्रवार, दुपारी १२:१५

सांजवेळ, तुम्ही मला प्रश्न विचारला होता, मी दोन दिवस टाळला.

सात वर्षांपूर्वी मी आणि सौ. नर्मदा परिक्रमेला गेलो होतो, पायी. तिचा गुडघा दुखायला लागला म्हणून निमाडात एका आश्रमात तीन दिवस थांबलो. तिथे पुण्याचाच एक मुलगा होता, केस वाढवलेले, पाठीवर मोठी सॅक. संध्याकाळी घाटावर पायऱ्यांशी बसून फोनवर काहीतरी ऐकत होता. सौ.ने त्याला विचारलं, "काय ऐकतोस रे?" त्याने फोन आम्हा तिघांच्या मध्ये पायरीवर ठेवला. 'माँ रेवा'. नर्मदेचंच गाणं, काठावरचेच शब्द, पण खाली असा काही ठेका की माझी मान आपोआप हलायला लागली. मी म्हटलं, कुठले भजनी मंडळ? तो म्हणाला, आजोबा, दिल्लीचा बँड आहे, यातला एक जण नर्मदा आंदोलनात होता. सौ.ने त्याच्याकडून ते पाच वेळा लावून घेतलं. अंधार पडला, पलीकडच्या काठाला दिवे लागले.

ती गेली त्याला आता दोन वर्षं होतील. काल तुमचा धागा नातवाला वाचून दाखवला, तेव्हा त्याने सांगितलं की 'कंदिसा' आणि 'माँ रेवा' एकाच अल्बमवर आहेत, सन २०००च्या. तुमच्या रूममेटने तुम्हाला जो इअरफोन दिला त्याच्याच पुढेमागे कुठेतरी आमचं गाणं होतं.

सांजवेळ · शुक्रवार, दुपारी १२:४०

अप्पा, ऑफिसात आहे. संध्याकाळी लिहिते. आत्ता लिहवत नाही.

जरीपटका · शुक्रवार, दुपारी १:०२

अप्पा, नमस्कार करतो.

ब्रिजखालचा_बेस · शुक्रवार, संध्याकाळी ५:१७

अप्पा, पुढच्या शनिवारी आम्ही एका मित्राच्या गच्चीवर वाजवणार आहोत. चाळीस माणसं मावतात. तिकीट नाही. जिना दोन मजल्यांचा आहे, पण सावकाश चढता येईल, आणि तुमची खुर्ची मी स्वतः वर नेईन. इथले बाकीचे सगळेही या. पत्ता व्यनित.

अप्पा_सदाशिव · शुक्रवार, संध्याकाळी ५:५०

येतो. खुर्चीला पाठ असावी. नातूही येईल.

मधली_सुट्टी · शनिवार, रात्री १०:०८

त्याच्याशी बोलणं झालं. आधी त्याला आठवेचना. मी फोनवर पहिल्या दोन ओळी म्हणून दाखवल्या, पलीकडून काही आवाज नाही. मग त्याने तिसरी ओळ म्हटली.

इथे सगळ्यांसाठी टाकू नकोस म्हणाला. एकेकाला दे, ज्याला हवं त्याला, नाव विचारून. सांजवेळ, तुला मेलवर पाठवलंय.

सांजवेळ · रविवार, रात्री १२:३५

आज सुट्टी होती तरी मुद्दाम रात्री गाडी काढून चांदणी चौकापर्यंत गेले आणि परत आले. पाऊस नव्हता. पौड रोडला बाजूला गाडी लावून काच खाली केली आणि ऐकलं. दुसऱ्या कडव्याआधी तो खोकला येतो ना, तिथे मी श्वास धरला होता. "परत एकदा घ्या" म्हणाले तसं परत एकदा लावलं.

घरी येऊन आमटी गरम केली. चाल आठवते आहे.

निळीशाई · रविवार, रात्री १२:४१

मधली_सुट्टी, मलाही पाठव. आणि एक विचार त्यांना, मोमोवाल्या मुलाला दिलं तर चालेल का?